'हे काही रिट्झ नव्हे' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंग्रजी बोलण्यात रुळलेल्या हॉटेलांच्या नावांवर मी जे टिपण लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. 'रिट्झी' म्हणजे आलिशान, हे शब्दकोशात एका ओळीत मिळतं, त्यावर पानभर लिहायचं कशाला? रिट्झ या श्रीमंतांच्या हॉटेलची मराठीतून फुकट जाहिरात का केली? आणि हिल्टन हॉटेलांवरून पडलेलं 'हनोई हिल्टन' हे व्हिएतनाममधल्या एका तुरुंगाचं नाव, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलवरून नाव पडलेल्या वॉल्डॉर्फ सॅलडच्या शेजारी गमतीच्या यादीत कसं बसवलं? तिसऱ्या आक्षेपावर तुमचं बरोबर आहे, त्याकडे शेवटी येतो. पहिल्या दोहोंवर मात्र मला भांडायचं आहे.

सेझार रिट्झ हा १८५० साली स्वित्झर्लंडमधल्या नीडरवाल्ड या डोंगरातल्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात जन्मला, भावंडांत तेरावा. त्याने १८९८ साली पॅरिसच्या प्लास व्हांदोमवर स्वतःच्या नावाचं हॉटेल उघडलं. खोल्यांना स्वतंत्र न्हाणीघर ही तेव्हा अपूर्वाईची गोष्ट होती. पुढे लंडन झालं, न्यूयॉर्क झालं, आणि १९२०च्या सुमाराला अमेरिकन बोलीत 'रिट्झी' हे विशेषण झालं. पण त्याचा अर्थ पहिल्यापासूनच दुपदरी होता. थाटामाटाचं, हा एक पदर. दुसरा म्हणजे तोऱ्यात वागणारं, नाक वर करून बोलणारं. त्या काळच्या अमेरिकन बोलीत 'रिट्झ' हे क्रियापदसुद्धा होतं : एखाद्याला 'रिट्झ करणं' म्हणजे त्याला खिजगणतीत न धरणं. तेव्हा कुणी एखाद्या बाईला 'रिट्झी' म्हणालं, तर मराठीत आपण म्हणू, 'शिष्टच आहे'. तुमच्या 'आलिशान'मध्ये ही बाई कुठेच बसत नाही.

आता मुद्द्याचं. हा शब्द आजच्या इंग्रजी घरांत सर्वांत जिवंत असतो तो नकारार्थी वाक्यात. मी इंग्लंडमधल्या लेस्टरला शिकायला गेलो, तेव्हा जानेवारीतल्या एका संध्याकाळी भाड्याची खोली बघायला गेलो होतो. घरमालकीण सत्तरीच्या आसपासची. अरुंद जिन्याने वर नेलं. भिंतीवरचा कागद एका कोपऱ्यात सुटलेला, खिडकीत पुठ्ठ्याची घडी खोचलेली. पण पलंगावर घडी घातलेला टॉवेल होता, त्यावर वेष्टनातली नवी साबणवडी, आणि गॅसचा हीटर त्यांनी मी यायच्या आधीच लावून ठेवलेला. दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "इट्स नॉट द रिट्झ, लव्ह, बट इट्स वॉर्म."

मला त्या क्षणी माझी सांगलीची मावशी आठवली. ताट पुढे सरकवताना ती म्हणायची, "गरिबाघरची मीठभाकर आहे, गोड मानून घे." दोघींच्या बोलण्यात तंतोतंत तीच अदब आहे. आपल्याकडचं थोडं कमी करून सांगायचं, म्हणजे पाहुण्याला अवघडल्यासारखं होत नाही, आणि दिलेल्यात जीव ओतलाय हेही न सांगता कळतं. आता ते इंग्रजी वाक्य शब्दकोश उघडून मराठीत आणा : 'ही खोली आलिशान नाही.' झाली ना तक्रार! बाई आदरातिथ्य करत होत्या आणि आपण त्यांना तक्रार करायला लावली. त्या वाक्यात रिट्झ म्हणजे दूरवरची एक उंची, मोजायला धरलेली खूण; त्या कधी त्या हॉटेलात पाऊल ठेवणार होत्या असं नाही. वाक्याचा सगळा भार 'बट'वर, ऊब आहे यावर. एका ओळीच्या अर्थाने हे हाती लागत नाही, म्हणून पानभर लिहिलं, आणि पुन्हा लिहीन.

जाहिरातीबद्दल. लंडनचं रिट्झ पिकॅडिलीवर १९०६ साली सुरू झालं. सर जेम्स मॅथ्यू या आयरिश न्यायाधीशांच्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं : इंग्लंडमध्ये न्यायाचे दरवाजे सर्वांना खुले आहेत, रिट्झ हॉटेलसारखेच. मॅथ्यू १९०८ साली वारले. वाक्य त्यांचंच असेल, तर हॉटेल उघडून दोन-अडीच वर्षं होतायत न होतायत तोच त्याचं नाव विषमतेवर बोट ठेवायला वापरात आलं होतं. वकिलाची फी परवडत नाही म्हणून ज्याची केस उभी राहत नाही, त्याची बाजू मांडणारं इतकं नेमकं वाक्य मला दुसरं माहीत नाही. कोणतं हॉटेल पैसे मोजून अशी जाहिरात करून घेईल? नाव एकदा लोकांच्या तोंडी गेलं की मालकाचा त्यावर ताबा उरत नाही. मुंबईत चहाला उशीर झाला म्हणून कुरकुरणाऱ्याला "ताजमध्ये बसलायस का?" म्हणणारा ताजचा प्रचार करत नसतो. अमेरिकेत १९३४ साली, ऐन मंदीत, नाबिस्को कंपनीने खारी बिस्किटं काढली आणि नाव ठेवलं रिट्झ. थाटाचा एक घास रिकाम्या खिशालाही परवडावा, ही त्या नावातली ओढ मला फार माणसासारखी वाटते.

आणि हनोई. इथे माझी चूक झाली, ती सरळ कबूल करतो. हनोईतला होआ लो हा तुरुंग, म्हणजेच 'हनोई हिल्टन', फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधला. व्हिएतनाम युद्धात पाडलेल्या विमानांचे अमेरिकन वैमानिक तिथे डांबले गेले, त्यांचा छळ झाला. 'हिल्टन' हे नाव त्या कैद्यांनीच दिलं. बॉब शूमेकर हा १९६५ साली पकडला गेलेला वैमानिक. नव्या कैद्याच्या स्वागतासाठी त्याने बादलीच्या दांडीवर 'वेलकम टू द हनोई हिल्टन' असं कोरलं, असं सांगतात. विचार करा, ती बादली कशासाठी असेल, आणि ती अक्षरं कशाने कोरली असतील. ज्यांनी ते भोगलं त्यांचा तो शब्द होता. तो सॅलडच्या शेजारी ठेवायचा मला अधिकार नव्हता.

एक गोष्ट मात्र तुमच्याही प्रतिक्रियेत राहिली. अमेरिकन येण्याच्या कित्येक दशकं आधी त्याच भिंतींआड फ्रेंचांनी व्हिएतनामी स्वातंत्र्यसैनिक कोंबले होते. इंग्रजीतल्या त्या नावात हे कैदी येतच नाहीत. नाव जितकं पसरलं, तितके ते झाकले गेले. १९९९ साली हनोईत हिल्टनचं खरंखुरं हॉटेल उघडलं, तेव्हा शेजारच्या नाट्यगृहावरून त्याला 'हिल्टन हनोई ऑपेरा' म्हटलं. दोन शब्दांची उलटापालट करावी लागली, इतकं ते जुनं नाव पक्कं बसलेलं होतं.

मूळ टिपणातून हनोईची ओळ आज काढली आहे. तिच्यावर स्वतंत्र टिपण लिहायला घेतलंय, त्याची सुरुवात फ्रेंचांच्या काळातल्या व्हिएतनामी कैद्यांपासून होईल. प्रसिद्ध करण्याआधी तुम्हाला पाठवतो, वाचून कळवा.