कांदेपोहे आणि लिथियम

कोल्हापुरात कुणाला अगदी अनोळखी म्हणून भेटायचं, हे तसं अवघडच. पोरगी राजारामपुरीतली आणि पोरगा शिवाजी पेठेतला असला, की मधले कोणीतरी मामा दोन्ही घरांत जेवून गेलेले असतात. तरी हल्ली बायोडाटे जुळले की मोठी माणसं उदार होतात. "तुमचं तुम्ही भेटून घ्या, आम्ही काय मधे येत नाही ओ."

बायोडाट्यात रास, गण, रक्तगट, उंची, देवक, शेती, सगळं असतं. ३६ गुणांपैकी एकट्या नाडीला ८. मन कधी भलतंच चढतं, कधी पार खचतं, तो बायपोलर आजार असलेल्या आम्हा गोळीवाल्यांचा खरा गुण मात्र लॅबच्या कागदावर असतो: आमच्या गोळीतलं लिथियम रक्तात किती, तर ०.७. बहुतेकांचं ते लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोलच्या दरम्यान ठेवतात, आणि रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता. एवढी शिस्त असलेलं स्थळ शोधून सापडायचं नाही. पण हा आकडा बायोडाट्यात कोणी छापत नाही. 'निर्व्यसनी' मात्र ठळक अक्षरात.

भेटीची जागा निवडताना लोक वातावरण बघतात. आमच्यासारख्यांनी आधी बाथरूम बघावं. लिथियमनं तहान लागते, तहानेनं पाणी जातं, आणि पाणी काही पोटात मुक्कामाला येत नाही. रंकाळ्यावर सूर्यास्त झकास, पण निम्मं गाव तिथं फिरायला आलेलं असतं आणि मावशी हटकून भेटते. पन्हाळा वीसेक किलोमीटर आहे आणि गाडी एकच. वर गेल्यावर जमलं नाही, तरी खाली यायचं त्याच गाडीवरून, त्याच माणसाच्या मागं बसून. त्यापेक्षा ताराबाई पार्कातलं एखादं गार, कंटाळवाणं कॅफे बरं. उन्हाळ्यात तर नक्कीच, कारण घाम गाळून पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम चढतं.

मागवायचं काय, हा प्रश्न मनापेक्षा हाताचा. बोटांना बारीक कंप असतो. एरवी कुणाला दिसत नाही, पण मिसळीचा कट चमच्यात आला की दिसतो, आणि पांढऱ्या शर्टावर तर महिनाभर दिसतो. चहा अर्धाच कप सांगावा आणि बशीत ओतू नये; बशीचं आणि कंपाचं जमत नाही. कॉफीनं थरथर वाढते, घाबरण्यानंही वाढते, म्हणजे कॉफी पीत घाबरलं तर विषयच संपला. काहींना डॉक्टर त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असलेल्यांना ते चालत नाही, तेव्हा मित्राच्या पाकिटातली गोळी उचलू नये. टेन्शननं डोकं दुखायला लागलं तर पॅरासिटामॉल घ्यावी. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी लिथियम वाढतं. आणि उलट्या-जुलाब, जोराची थरथर, जीभ जड, चालताना झोकांड्या, ही प्रेमात पडल्याची लक्षणं नव्हेत. लिथियम वाढल्याची आहेत. त्या दिवशी कॅफे सोडून दवाखाना गाठावा.

इतर गोळ्यांचीही आपापली विघ्नं आहेत. ओलान्झापीननं भूक आणि वजन वाढतं, आणि फोटो गोळी सुरू होण्याआधीचा असतो, त्यामुळं समोरचा माणूस आपल्याच शेजारच्या टेबलावर बसून आपली वाट बघत राहतो. क्वेटायापीनवाल्यांनी रात्री दहाचा व्हिडिओ कॉल ठरवू नये. "मला आयुष्यात खरं तर..." एवढ्यावर वाक्य संपतं आणि पुढं नुसतं घोरणं.

आता मुख्य अडचण: सांगायचं कधी? पहिल्या भेटीत नको, तिथं अजून आडनावाची खात्री चालू असते. सुपारी फुटल्यावर तर मुळीच नको. माझं मत दुसऱ्या भेटीचं. चार वाक्यं पुरतात: आजाराचं नाव, उपचार कधीपासून, बिघडायला लागलं की आधी काय दिसतं, आणि तेव्हा फोन कुणाला करायचा. "मला जरा टेन्शनचा त्रास आहे" हे वाक्य नव्हे, पळवाट आहे. बायपोलर म्हटल्यावर "म्हणजे डबल पर्सनॅलिटी?" येणारच. नाही म्हणावं आणि चहा प्यावा.

घरची मंडळी लपवायला सांगतात. कायद्याच्या बाजूनं हा सल्ला वाईट आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसत्या गोळ्या घेणाऱ्याला लग्नापासून अडवत नाही. पण महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली, तर कलम १२ खाली लग्न रद्द करून मागता येतं. दुसरा सल्ला त्याहून घातक. "लग्नापुरत्या गोळ्या बंद ठेव, लगीन झालं की हुतंय सगळं बरोबर." लिथियम एकदम बंद केलं की आजार उलटायचा धोका मोठा, आणि लग्नघर म्हणजे उलटण्यासाठीच बांधलेली जागा. पहाटे हळद, दिवसभर पाहुणे, रात्रभर गोंधळ. झोप मोडली की मॅनिया, म्हणजे मन भलतंच चढण्याचा झटका, येऊ शकतो. नवरदेव आनंदानं बेभान नाचतोय म्हणून वऱ्हाडी कौतुक करतात, आणि चौथ्या दिवशी तो हॉल विकत घ्यायला निघतो. गोंधळ्यांना दहापर्यंत आवरायला सांगावं. अंबाबाई समजून घेते. नवरात्रात निर्जळी उपवास आणि एकाएकी अळणी जेवण, दोन्हींनी लिथियम चढतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मुलाबाळांचा विचार असेल तर बायकांनी व्हॅल्प्रोएट या बायपोलरवरच्या दुसऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं, ती पोटातल्या बाळाला बाधू शकते.

नकार येतोच. मामा कारण सांगतात, "पत्रिका जुळंना." त्या रात्री फोनवर फक्त बँकेचे मेसेज येतात, आणि दोन वाजता डोक्यात भलतं काही यायला लागलं, तर १४४१६ लावावा. टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीतही. नाडी विचारत नाहीत.

कधी कधी मात्र समोरून भलतंच उत्तर येतं: "माझी उदासीवरची एस्सिटॅलोप्रॅम चालूय, दहा मिलिग्रॅम. तुमची किती?" मग पसंतीची बोलणी राहतात बाजूला. सुरुवातीची मळमळ किती दिवस टिकली, फरक पडायला दोन आठवडे लागले की सहा, झोपेची गोळी जेवणाआधी की नंतर, यात बिल येतं. असं जमलं, तर पुढची भेट डॉक्टरांकडंच ठेवावी. रुग्णाची हरकत नसेल तर दोघांना एकत्र बसवून शंका सोडवता येतात. बाहेरच्या बाकावर गल्लीतल्या काकू असतातच, "तू हितं कसा?" विचारायला. एकट्यानं गेलं की "मित्राबरोबर आलोय" ही जुनी थाप मारावी लागते. दोघं गेलं की दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात, आणि नक्की पेशंट कोण, हे काकूंना त्यांचा स्वतःचा नंबर लागेपर्यंत कळत नाही.