टेप चालवून दाखवा

सिक्युरिटीच्या पट्ट्यावर माझी बॅग आत गेली, पट्टा थांबला, उलटा फिरला, परत पुढे गेला आणि स्क्रीनसमोरचा मुलगा खुर्चीत पुढे सरकून बसला, तेव्हाच मला कळलं की आता आपलं काही खरं नाही. बॅगेत साउंडवेव्ह होता. ट्रान्सफॉर्मर्समधला (म्हणजे ज्या खेळण्यांत गाड्यांचे, वस्तूंचे रोबोट होतात त्यांतला) निळा कॅसेट प्लेअर, 1984 चा, ओरिजिनल, बॅटरीच्या झाकणासकट. (झाकणासकट! ही झाकणं लोकांनी लहानपणीच हरवून ठेवलेली असतात, त्यामुळे ज्यांना कळतंय त्यांनी मनातल्या मनात टाळ्या वाजवा, बाकीच्यांनी पुढे वाचा.) एका कलेक्टरकडून घेऊन परत निघाले होते, चेक-इनमध्ये टाकायची छाती झाली नाही, म्हणून टॉवेलात गुंडाळून हातातल्या बॅगेत.

"मॅडम, हे काय आहे?"

"खेळणं."

"मुलाचं?"

"नाही."

"मग मिस्टरांचं?"

"माझं."

यानंतर तो मुलगा एक सेकंद माझ्याकडे बघत राहिला. हा सेकंद मला पाठ आहे. खेळणं मुलाचं असतं, तो मोठा झाला असेल तर नवऱ्याचं असतं, आणि बाई ते फक्त उचलून नेत असते, असा जगाचा समज आहे. तो कंपन्यांचाही होताच. 1986 च्या ट्रान्सफॉर्मर्सच्या ॲनिमेशनपटात आर्सी नावाची बाई-रोबोट चांगली मुख्य पात्रांत आहे, गोळ्या झाडते, धावते, सगळं करते, आणि तेव्हा तिचं खेळणं काढलंच नाही. प्रोटोटाइपपर्यंत गेले आणि थांबले. त्या मूळ रूपातली धड आर्सी दुकानात यायला 2014 उजाडलं. म्हणजे ज्या मुलींनी तेव्हा मागितली असती त्यांच्या मुली कॉलेजला गेल्या. असो. हा विषय काढला की माझा रक्तदाब वाढतो आणि मूळ मुद्दा राहतो.

मूळ मुद्दा असा की टॉवेल उलगडल्यावर त्या मुलाचा चेहरा जरा सैल पडला. "हा टेपरेकॉर्डर आहे ना?"

"तसा दिसतो. रोबोट आहे. त्याचा टेपरेकॉर्डर होतो."

"आत्ता काय आहे?"

आता यावर खरं उत्तर एकच आहे. "आत्ता टेपरेकॉर्डर."

"मग चालू करून दाखवा. इलेक्ट्रॉनिक वस्तू चालू करून दाखवावी लागते."

"चालू होत नाही. तो खरा टेपरेकॉर्डर नाहीये."

"मग रोबोट चालू करा."

"तोही चालू होत नाही."

मी बोलतानाच मला ऐकू येत होतं की हे किती वाईट चाललंय. न वाजणारा टेप आणि न चालणारा रोबोट घेऊन एक मध्यमवयीन बाई विमानात चढायला निघाली आहे.

आणि इथे काका आले. म्हणजे ते माझ्या मागेच होते, आतापर्यंत फक्त माझ्या खांद्यावरून बघत होते. पांढरे केस, पायात नुसते मोजे, एका हातात बोर्डिंग पास आणि दुसऱ्या हाताने पँट धरलेली, कारण पट्टा ट्रेमध्ये. ते म्हणाले, "चालणार नाही तो. बेल्ट गेलाय."

"काका, तुमचा बेल्ट तिकडे ट्रेमध्ये आहे," तो मुलगा म्हणाला.

"माझा नाही हो, ह्याचा! आतला रबरी बेल्ट. जुन्या टेपचं पहिलं तेच जातं. रबर आहे, ताणून ताणून सैल होतं, मोटर फिरते आणि कॅसेट ढिम्म. मी स्वतः रिपेअर केलेत, ढिगाने." मग माझ्याकडे वळून, "किती वर्षं पडून होता, बाई?"

"काका, ह्यात मोटरच नाहीये."

"मोटर काढली कोणी?"

"कोणी नाही. नव्हतीच. हा पहिल्यापासून असाच."

काकांनी माझ्याकडे जे बघितलं त्यात राग नव्हता, दया होती. मला कोणीतरी बिनमोटरचा टेपरेकॉर्डर गळ्यात मारलाय आणि मला ते अजून कळलेलं नाही, असा तो चेहरा. तसा बऱ्याच नातेवाइकांचाही असतो म्हणा.

खरं तर वाजणारा साउंडवेव्हही आहे. 2007 मध्ये ताकारा टोमी या खेळण्यांच्या कंपनीने जपानात काढला होता, खरोखरचा एमपी3 प्लेअर, मेमरी कार्ड घालायचं आणि गाणी ऐकायची. तो नेला असता तर दोन मिनिटांत सुटले असते. पण तो माझ्याकडे नाही, आणि असता तरी मी हाच आणला असता, कारण मला हाच हवा होता. त्याचं बटण दाबलं की स्प्रिंगने खिडकी उघडते आणि आतून कॅसेट निघते, आणि त्या कॅसेटचा पक्षी होतो. बझसॉ. खरी मायक्रोकॅसेट असते त्या मापाची कॅसेट, तिचे पंख उलगडायचे, मान वर काढायची. ज्या माणसाने हे डोक्यातून कागदावर उतरवलं त्याच्या पाया पडायला मी कधीही तयार आहे.

पण त्या मुलाला पक्ष्यात रस नव्हता. त्याने वस्तू उलटी केली, झाकण सापडलं (तेच ते, झाकण!), नखाने उघडलं, आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. झाकणासाठी पण आणि आत काय आहे त्यासाठी पण.

"बॅटऱ्या आहेत की! मग चालू का होत नाही?"

इथे थोडं सांगावं लागेल. साउंडवेव्हच्या मागे बॅटरीचा कप्पा आहे आणि त्यात पेन्सिल सेलच्या आकाराच्या दोन वस्तू बसतात. त्या सेल नाहीत. त्या त्याच्या शस्त्रांच्या घड्या आहेत. एक हातात धरायची बंदूक आणि दुसरा खांद्यावर लावायचा रॉकेट लाँचर. डिझाइन म्हणून बघाल तर एवढी हुशारी क्वचित दिसते, कारण कॅसेट प्लेअर असताना शस्त्रं ठेवायची कुठे याचं याहून सुंदर उत्तर असूच शकत नाही. एअरपोर्टच्या सिक्युरिटीत उभं राहून बघाल तर मात्र असं दिसतं की आपण दोन हत्यारं बॅटरी म्हणून लपवून नेतोय, आणि 'बंदूक' आणि 'रॉकेट लाँचर' हे दोन शब्द त्या जागी तोंडातून काढायचे नसतात एवढी अक्कल मला आहे.

"त्या बॅटऱ्या नाहीत," मी म्हणाले.

"मग?"

"ॲक्सेसरीज आहेत."

"कसल्या ॲक्सेसरीज?" हे काका.

"त्याच्या हातात द्यायच्या."

"कोणाच्या?"

"रोबोटच्या."

"हातात काय देता त्याच्या?"

"काका, तुमची ट्रे पुढे गेलीये."

"जाऊ दे. हातात काय देता?"

"वस्तू."

"अहो, सरळ सांगा की. लपवता कशाला? हा पोरगा विचारतोय तर सांगून टाकावं, उगाच संशय वाढतो." आणि त्यांनी त्यातला एक सेल उचलून, चष्मा कपाळावर सरकवून, उजेडात फिरवून बघितला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "ह्याला जोड आहे. हे उघडतं!"

रांग तोपर्यंत मागे वळणावर गेली होती आणि सगळ्यांना ऐकू गेलं की उघडतं.

ट्रान्सफॉर्मर्स जमवणारे लोक विमानात मेगाट्रॉन नेत नाहीत, हे आमच्यात सगळ्यांना माहिती असतं. मेगाट्रॉन हा खलनायकांचा म्होरक्या, आणि जुना मेगाट्रॉन म्हणजे चक्क वॉल्थर पी38 पिस्तूल, हातात घेतलं तर खरं वाटेल असं, आणि पुढे अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकांचे नियम कडक झाले तशी त्या बिचाऱ्यावर रणगाडा व्हायची वेळ आली. पण साउंडवेव्ह! कॅसेट प्लेअर! याच्यात काय धोका आहे म्हणून मी निवांत होते. आणि आता मी तिथे उभी राहून त्याला हात फुटतात हे दाखवत होते, कारण तो मुलगा म्हणाला, "बरं, रोबोट करून दाखवा."

केला. थरथरत्या हातांनी. पाय मोकळे केले, हात बाजूला काढले, डोकं वर आलं, ते चौकोनी तोंड आणि पिवळे डोळे... आणि मला खरंच वाटलं की आता कोणीतरी "वा" म्हणेल. रांगेतून एकाने "अजून किती वेळ?" एवढं म्हटलं.

काका मात्र बघत होते. बघता बघता त्यांनी प्रश्न विचारला. "हा खरा केवढा असतो? म्हणजे गोष्टीत?"

"दुमजली घराएवढा धरा."

"आणि टेप झाला की?"

"हातात मावेल एवढा."

"मग बाकीचं जातं कुठे?"

या प्रश्नावर आम्ही लोक चाळीस वर्षं एकमेकांचे गळे धरतोय आणि काकांनी तो मोज्यांत उभं राहून अर्ध्या मिनिटात काढला. त्याचं खरं उत्तर व्यवहारातलं आहे. ताकारा या जपानी कंपनीकडे खेळण्यांच्या दोन वेगळ्या मालिका होत्या. एक डायाक्लोन, त्यात गाड्यांचे रोबोट, आत चिमुकला ड्रायव्हर बसेल अशा मापाने लहान केलेले. दुसरी मायक्रो चेंज, तिची कल्पनाच अशी की घरातल्या वस्तू रोबोट असतात, म्हणून तिथली सगळी मापं खरी, सूक्ष्मदर्शक, कॅमेरा, पिस्तूल, टेप. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने 1984 मध्ये दोन्हीकडचे साचे उचलले, एकाच गोष्टीत कोंबले, मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्कीने बसून बहुतेकांना नावं आणि स्वभाव लिहून दिले, आणि ट्रक आणि कॅसेट एकमेकांशी मारामारी करायला लागले. मापाचा विचार कोणी केला नाही कारण दोन्ही खेळणी शेजारीशेजारी तेवढीच दिसतात. पुढची सगळी थिअरी आम्ही रचली. ऑप्टिमस प्राइम, म्हणजे गोष्टीतला नायक, ट्रकचा रोबोट झाला की त्याचा ट्रेलर कुठे गायब होतो, यावर मी माझ्या आयुष्यातल्या ज्या रात्री घालवल्यात त्यांत एखादी भाषा शिकून झाली असती.

हे सगळं मी अर्थातच तिथे सांगू शकले नाही. मी घाईत म्हणाले, "त्याला मास शिफ्टिंग म्हणतात."

"मास काय?" तो मुलगा सावध झाला.

"वस्तुमान. ते दुसरीकडे पाठवतात."

"कुठे पाठवतात?"

"कोण पाठवतं?" काका.

झालं. त्याने हात वर करून साहेबांना बोलावलं.

साहेब येईपर्यंत शेजारच्या पट्ट्यावरून एक गिटारवाला गेला. त्याची पेटी उघडली, बघितलं, कोणीतरी हसून विचारलं, "वाजवता का?" तो "हो, थोडंफार" म्हणाला, बंद करून दिली. त्याला नाही कोणी म्हटलं वाजवून दाखव. हे मला अजून लागतंय, खोटं कशाला बोलू. घड्याळं जमवा, तुम्ही रसिक. तिकिटं जमवा, अभ्यासू. जुन्या गाड्या जमवा, मग तर लोक फोटो काढायला येतात. आणि खऱ्या गाडीपेक्षा जास्त डोकं लावून बनवलेली, प्रत्येक सांधा दुसऱ्या कशाचा तरी भाग असलेली वस्तू जमवा, की "मुलाचं?" बरं, आम्हीही काही कमी नाही, कबूल. साउंडवेव्हच्याच कॅसेटींपैकी रंबल लाल आणि फ्रेन्झी निळा की उलटं, यावरून बोलणं बंद केलेली माणसं मला माहिती आहेत, कारण खेळण्यात एक आणि कार्टूनमध्ये बरोबर उलटं. (खेळण्यातलं बरोबर. चर्चा नको.) पण निदान आम्ही कोणाला रांगेत उभं करत नाही.

साहेब आले. त्यांनी साउंडवेव्हकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काकांच्या हातातल्या पँटकडे बघितलं.

"काय आहे?"

"सर, टेपरेकॉर्डर आहे, चालत नाही, रोबोट होतो, आत बॅटरी आहे पण ती बॅटरी नाही, आणि मॅडम म्हणतात वजन दुसरीकडे पाठवतात."

मुलाने सगळं बरोबर सांगितलं होतं. एक शब्द चुकला नाही.

काका मध्ये पडले. "साहेब, काही नाही हो. मोडका टेप आहे जुना. बाईंना कोणीतरी फसवलंय. सोडा, बेल्ट बदलला की होईल."

"मोडकं आहे का?" साहेबांनी मला विचारलं.

आता तुम्ही सांगा. मिंट, म्हणजे अगदी नव्यासारखा, म्हणता येणार नाही, पण एकही तडा नाही, सगळे सांधे घट्ट, सगळे भाग ओरिजिनल. आणि फ्लाइटचं बोर्डिंग सुरू झालेलं. मी ज्या आवाजात "हो" म्हटलं तो माझा नव्हता.

"मोडकं खेळणं. जाऊ द्या."

गेटवर काका शेजारीच येऊन बसले, आता पट्टा लावलेला. आपण एका बाईची सुटका केली याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता आणि त्यांना "नका करू" म्हणायला जागा उरली नव्हती. "द्या बघू," म्हणाले. दिला, काय करणार. त्यांनी बटण दाबलं, खिडकी उघडली, बझसॉ बाहेर आला, परत आत घातला, परत दाबलं, परत दाबलं, परत. दर वेळी माझा श्वास अडकत होता, स्प्रिंग ती. मग त्यांनी अंगठ्याने खिडकीखालची पट्टी पुसली, जोरात, पुसतात तशी, आणि स्टिकरचा कोपरा उचलला गेला. डावीकडचा.

मी काहीतरी आवाज काढला असेन, कारण त्यांनी बघितलं, आणि अत्यंत समजूतदारपणे म्हणाले, "त्यात काय, गोंद लावा."

1984 च्या फॅक्टरी स्टिकरला. गोंद!