गळा नाही म्हणून गाणं सोडू नका

गाणं शिकणाऱ्यांच्या गटांत सध्या एक मजकूर सारखा फिरतोय. त्यातली विधानं अशी: गोड गळा उपजतच असावा लागतो, ज्याला कान नाही त्याला सूर कधीच लागत नाही, तिशीनंतर शिकणं फुकट, आणि शिकायचंच असेल तर दही-आंबट सोडा, मध-आलं चाटा, पहाटे उठून मोकळ्या गळ्याने जोरात रियाज करा. मी प्रौढांना गाणं शिकवतो. हा मजकूर वाचून चांगली चाललेली माणसं शिकणं सोडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

गळ्याचं आधी. आवाजाची जात उपजत असते, हे खरं. पण गोडवा म्हणजे गाणं नव्हे. शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगलांचा आवाज घशावरच्या उपचारानंतर जाड, जवळपास पुरुषी झाला. त्याच आवाजात त्यांनी किराणा घराण्याची गायकी उभी केली. सुरात राहणं, दम पुरवणं, शब्द स्वच्छ टाकणं या शिकायच्या गोष्टी आहेत, आणि नवख्याची पहिली काही वर्षं त्यांतच जातात.

सगळ्यात जास्त नुकसान ‘कान नाही’ या शेऱ्याने होतं. स्वरांतला फरकच न कळण्याची जन्मजात अडचण असते, पण ती शंभरात फार तर चार जणांना. शब्दांशिवाय वाजवलेली राष्ट्रगीताची चाल तुम्हाला ओळखता येते ना? दुसरा कुणी बेसूर गायला की खटकतं ना? मग कान आहे. कानाने ऐकलेलं गळ्याने करायची सवय तेवढी नाही, आणि सवय लावता येते.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांना आधीच्या ठिकाणी हाच शेरा मिळाला होता. तिथे बाई स्वतःच्या पट्टीत, म्हणजे त्यांचा सा जिथे बसतो त्या उंचीवर, शिकवत; पेटीवर (हार्मोनियमवर) ती काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. हे त्या उंचीला जायला बघत. हनुवटी वर, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि सूर फाटला की तिसऱ्याच जागी घसरत. पुरुषाने काळी पाचचा सा वर धरला तर तार सप्तक (वरचे सूर) गाठता येत नाही, एक सप्तक खाली धरला तर मंद्रातले (खालच्या सप्तकातले) सूर बोलत नाहीत. पुरुषांची पट्टी साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास असते. मी पेटी बाजूला ठेवली, तानपुरा पांढरी दोनला लावला आणि त्यांना म्हटलं, सूर विसरा, बोलता त्या उंचीवर नुसता ‘आ’ म्हणा. त्यांचा आवाज जिथे पडला तिथे मी माझा आवाज नेला. दोन आवाज अगदी जवळ आले की मध्ये एक थरथर ऐकू येते. पूर्ण जुळले की ती थांबते. ती थांबल्याबरोबर त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग मी किंचित वर सरकलो, तेही सरकले. असं करत तानपुऱ्याच्या षड्जावर, म्हणजे सा वर, आलो. कान होताच की!

म्हणून नवख्यांना माझं सांगणं असतं की पेटीच्या सुरापेक्षा माणसाच्या आवाजाला आवाज जुळवणं सोपं जातं, ते आधी करा. आणि पहिल्याच दिवशी गुरूंना विचारा, माझी पट्टी कोणती? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

तिशीचं बंधन कुठून आलं, कळत नाही. मैफलीचा गवई व्हायचं असेल तर लहानपणापासूनची तालीम लागते, द्रुत (जलद) ताना उशिरा बसत नाहीत, हे मान्य. पण भूप-यमनसारख्या रागातली बंदिश नीट मांडायला, अभंग सुरात म्हणायला वय आड येत नाही. गावोगावच्या भजनी मंडळांत पन्नाशीनंतर टाळ हाती घेतलेली माणसं काकड्याला सुरात उभी असतात.

दही आणि मधाचं थोडक्यात. गिळलेला घास अन्ननलिकेत जातो, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. मध त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. वाफ पोचते. दिवसभर बेताने पाणी पिण्याचा उपयोग होतो. रात्री उशिरा तिखट, जड जेवून आडवं झालं तर आम्ल घशाशी येतं आणि सकाळी आवाज जड होतो. पथ्य पाळायचंच तर ते पाळा. दह्याने ज्याचा घसा धरतो त्याने दही टाळावं, बाकीच्यांनी खुशाल खावं.

पहाटेचा जोरदार रियाज हा त्या मजकुरातला खरोखर घातक सल्ला. पहाटे आवाज मुळात खाली असतो, म्हणून ती वेळ खर्जाची. मंद्रातला एकेक सूर हलक्या आवाजात, दम पुरेल तेवढा धरायचा. पाच मिनिटं खर्ज, मग अलंकार, सा रे ग, रे ग म, तानपुऱ्यावर, सावकाश. झोपेतून उठून तार सप्तकात ओरडलं तर स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात, आणि रोज तेच केलं तर त्यांवर गाठी येतात. गाऊन झाल्यावर आवाज बसला तर रियाज चुकतोय. ‘गळा तयार होतोय’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दोन दिवस गाणं बंद ठेवा, कुजबुजणंही टाळा. तीन-चार आठवडे घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्या, मगच पुन्हा तानपुरा लावा.