नाव पटावर, पोरगं घरात

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष झालात, अभिनंदन. गुलाल धुऊन झाला की एक दिवस गावातली कुणी बाई, चालता न येणारं सहा वर्षांचं पोर कडेवर घेऊन दारात उभी राहील. म्हणेल, "दादा, ह्याचं नाव घाला की शाळंत."

घाला. 'नाही' हा शब्द तोंडातनं काढायचाच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात २०१२ साली दिव्यांग मुलं स्पष्टपणे घातली गेली. उगीच कुणी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. पोरगं घरात कसं राहील, याची व्यवस्था वेगळी असते.

सुरुवात रॅम्पपासून करा. नियम सांगतो, एक फूट चढायला बारा फूट उतार. तुमच्या व्हरांड्याला तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट उंची. अठरा फूट रॅम्प आला. एवढा लांबवायचा तर झेंड्याचा कट्टा हलवावा लागणार, आणि कट्ट्यावर देणगीदाराचं नाव कोरलंय. तेव्हा सहा फुटांत उरका. त्यावरनं खुर्ची वर जायची नाही, खाली मात्र झकास येईल. गगनबावड्याकडचा एक पावसाळा अंगावर घेतला की शेवाळ धरतं, मग गुरुजीच ओरडतात, "त्यावरनं कुणी जायचं नाही रे!" फोटो तेवढा उन्हाळ्यात काढून ठेवा. माहिती भरताना रॅम्प आहे का, तर आहे.

कमोडचा संडास मंजूर झाला तर तोही बांधा. आत जुनी बाकं रचा आणि कुलूप घाला. (किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडं असलेली बरी.) आता पोराला शी-शूला न्यायचं कुणी? आईनं. म्हणजे आई दिवसभर शाळेच्या कट्ट्यावर. भांगलणीचा हंगाम, तिची रोजगारी बुडते, मुकादम दुसरी बाई बघतो. आठवडाभरात ती आपणहून यायची थांबेल. बघा, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!

तरीही चिवट निघाली तर दाखला मागा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घ्यायला अपंगत्वाचा दाखला लागतो असं कायदा म्हणत नाही, पण ते तिला सांगणार कोण? आधी ऑनलाइन अर्ज, मग ठरल्या वारी जिल्ह्याचा दवाखाना. चंदगडच्या टोकावरनं पोराला पाठुंगळी मारून एसटीनं कोल्हापूर गाठायचं म्हणजे दिवस गेला, आणि डॉक्टर नसले तर पुढचा वार.

विशेष शिक्षकाची चिंता नको. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलंय. तुमच्या वाट्याला येणारा माणूस कंत्राटी, मोटारसायकलवरनं शाळा फिरणारा. तो आला की चहा द्या, सही घ्या.

हुकमाचा पत्ता शेवटी टाका: घरी शिक्षण. तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकायचा हक्क कायद्यानं दिलाय. हक्क मुलाचा, निवड मात्र तुम्ही करून टाका. पोराची बुद्धी शाबूत आहे, फक्त तीन पायऱ्या चढत नाहीत, असली बारीक चौकशी कशाला? किंवा सांगा, "कोल्हापुरात संस्था हाईत की, तिथं ठेवा." नसीमा हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवर बसून १९८४ साली दिव्यांगांसाठी संस्था उभारली, हे अभिमानानं सांगायला विसरू नका. अठरा फूट सिमेंट वाचतं आणि सहा वर्षांचं पोर आईपासून लांब जातं.

सव्वीस जूनला शाहू जयंतीचं भाषण तुमच्याकडंच असेल. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला, हे जोरात सांगा. टाळ्या पडतात. आईच पोराला घेऊन आली आणि शाळेनं तिला दमवून परत धाडलं तर दंड कुणाला, असं मागच्या रांगेतलं एखादं आगाऊ पोरगं विचारेल. त्याला पेढा द्या.

आणि ती बाई सभेला आली असेल तर तिलाही द्या. दोन द्या, एक घरातल्या विद्यार्थ्याला. पटावर नाव आहे त्याचं.