‘रेशन फुकट होतं, तरी मजूर अफवेमुळे चालत निघाले’: एका फॉरवर्डला उत्तर

टाळेबंदीचा विषय निघाला की हा मजकूर हमखास फिरतो: ‘२०२० साली सरकारनं ८० कोटी लोकांना फुकट धान्य दिलं, बायकांच्या जनधन खात्यात पैसे टाकले, महाराष्ट्रात पाच रुपयांत शिवभोजन होतं. कुणी उपाशी नव्हतं. लॉकडाऊन तीन महिने चालणार या अफवेनं घाबरून मजूर चालत निघाले.’ अफवेचं कारण केंद्र सरकारनं ३१ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयात दिलं होतं आणि सप्टेंबरात संसदेतल्या लेखी उत्तरातही तेच सांगितलं. त्यामुळे याला पारावरच्या गप्पा म्हणून सोडून देता येत नाही.

आधी ८० कोटींचं बघू. आकडा खरा आहे. एप्रिलपासून माणशी दरमहा ५ किलो जादा धान्य आलं नसतं तर खेड्यापाड्यांत हाहाकार उडाला असता. पण ते सगळ्यांना नव्हतं, अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत नाव असलेल्यांना होतं. २०१३ च्या या कायद्यानं ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरात ५० टक्के लोकसंख्येची मर्यादा घातली, तीही २०११ च्या जनगणनेवर. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी लाभार्थी आले. ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून या यादीत यायला शहरात वर्षाच्या उत्पन्नाची कमाल मर्यादा ५९ हजार रुपये, खेड्यात ४४ हजार. म्हणजे महिन्याला पाच हजार मिळवणारं शहरातलं घर नियमानं बाहेर. अशा केशरी कार्डवाल्यांना राज्यानं मे आणि जूनसाठी माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी द्यायचं ठरवलं. ४८ रुपये ही मोठी रक्कम वाटत नाही, पण काम बंद असलेल्या पाच जणांच्या घरात ते २४० रुपये होतात.

आता चालत निघालेल्या माणसाकडे येऊ, कारण खरी गोम तिथंच आहे. धान्य कार्डाला जोडलेलं होतं, कार्ड गावाला, आणि माणूस होता भिवंडीत. एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवणाऱ्या ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र–गुजरात आणि आंध्र–तेलंगण या जोड्यांनी झाली. भिवंडीच्या यंत्रमागांवर ज्या राज्यांतले कामगार मोठ्या संख्येनं आहेत, ते उत्तर प्रदेश आणि बिहार त्यात आले १ मे २०२० ला. एप्रिलभर त्या कामगाराचं कार्ड भिवंडीच्या दुकानात चालणारच नव्हतं. आणि नंतर चालू लागलं तरी कोटा कुटुंबाचा एकच. गावी बायकोनं महिन्याचं सगळं धान्य उचललं असेल तर इथल्या रेशन दुकानातल्या यंत्रावर शिल्लक शून्य दिसते. दोघांना मिळायला हवं तर गावच्या दुकानदारानं कोटा तोडून द्यायला हवा, आणि हे त्या घराला आधी माहीत हवं.

कार्डच नसलेल्या स्थलांतरितांसाठीही धान्य जाहीर झालं: ८ कोटी लोकांसाठी ८ लाख टन. तारीख १४ मे. टाळेबंदी लागून ५१ दिवस झाले होते. धान्य नव्हतं म्हणून उशीर झाला असंही नाही. १ एप्रिलला सरकारी गोदामांत २१० लाख टन साठा असावा असा नियम आहे, प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून जास्त होता.

बरं, समजा मिळाले ५ किलो. दिवसाला १६७ ग्रॅम. त्यात गहू असेल तर आधी गिरणी उघडी हवी, मग स्टोव्ह हवा, रॉकेल किंवा गॅस हवा, भांडी हवीत. भिवंडीतला एकटा कामगार खोलीत स्वयंपाक करत नाही. तो खानावळीत जेवतो, तिला तिकडे भिस्सी म्हणतात, आणि जेवणाचा हिशेब पगार झाला की चुकवतो. माग थांबले की पगार थांबतो, पगार थांबला की भिस्सीची उधारी थांबते. पिशवीभर गहू त्या माणसाचं पोट कसं भरणार?

शिवभोजन ही चांगली योजना होती. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, मूदभर भात. पण ते दुपारचं जेवण, रात्रीचं काय? शिवाय केंद्रापर्यंत जायला रस्त्यावर यावं लागतं, आणि वस्ती सील झाली की तेही बंद. जनधनचे ५०० रुपये तीन महिने आले, तेही फक्त बायकांच्या खात्यात. मुंबईत तेव्हा ५०० रुपयांत गॅसचं सिलिंडरसुद्धा येत नव्हतं.

मजुरीचा मुद्दा तर या फॉरवर्डमध्ये नाहीच. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयानं आदेश काढला: पूर्ण पगार द्या, महिनाभर घरभाडं मागू नका. कागदावर हा सगळ्यात उपयोगी आदेश होता. पण कंत्राटदाराच्या हाताखाली, नोंद नसलेल्या माणसाचा पगार किती आणि द्यायचा कुणी, हे सिद्ध कसं करणार? अडकलेल्या मजुरांना मदत करणाऱ्या ‘स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क’ या स्वयंसेवी गटानं १३ एप्रिलपर्यंत त्यांच्याकडे मदत मागणाऱ्या ११ हजारांहून जास्त मजुरांची माहिती गोळा केली. त्यांतल्या ९६ टक्क्यांना सरकारी धान्य मिळालं नव्हतं आणि ज्यांना विचारलं त्यांतल्या ८९ टक्क्यांना मालकाकडून टाळेबंदीतला पगार मिळाला नव्हता. हे अडचणीत सापडून फोन केलेले लोक होते, सगळ्या मजुरांची ही सरासरी नव्हे. पण ‘कुणी उपाशी नव्हतं’ हे खोटं ठरायला एवढं पुरे आहे. पगाराचा तो आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला.

राहिली अफवा. तीन महिन्यांची होती म्हणतात. देशव्यापी टाळेबंदी आधी १४ एप्रिलपर्यंत, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मेपर्यंत गेली. एकूण ६८ दिवस. ज्याच्या खिशात चार दिवसांचे पैसे आहेत, त्याला २१ काय नि ९० काय, चालायला लागणं भागच होतं. आणि घबराट पहिल्या आठवड्याची समजली, तरी मे महिन्यातले लोक कशामुळे चालत होते? १ मेपासून मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्या सुटत होत्या, पण १९ मेपर्यंत ज्या राज्यात जायचं त्याचीही संमती लागे.

८ मेच्या पहाटे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातल्या करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशचे. भुसावळला गाडी मिळेल म्हणून रात्रभर रुळांवरून चालून थकले आणि तिथंच झोपले. बचावलेल्यांनी सांगितलं की प्रवासाच्या पाससाठी आठवडाभर आधी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही. टाळेबंदीचा तो ४५ वा दिवस होता. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या त्यांनी वाटेसाठी बांधून घेतल्या होत्या.