घाटावर आकड्याचा फळा लावा

अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर वॉलनट क्रीक नावाचा ओढा आहे. उन्हाळ्यात पोरं त्यात डुंबतात, कुत्री लोळतात, आम्ही मोठी माणसं पाय सोडून बसतो. महिन्यातल्या एका शनिवारी मी तिथे पाण्याचा नमुना घ्यायला जाते. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे आपल्याच पायांनी ढवळलेला गाळ बाटलीत शिरत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. बाटली उपडी धरून वीतभर खाली न्यायची, तिथे सुलटी करून भरून घ्यायची आणि बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. तिथे पाण्यात एक पूड मिसळून ते ९७ खळग्यांच्या ताटलीत ओततात आणि ३५ अंशांवर २४ तास ठेवतात. दुसऱ्या दिवशी अतिनील दिव्याखाली किती खळगे निळे चमकतात, त्यावरून ई. कोलायचा आकडा काढतात. हा जिवाणू माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यातला. तो पाण्यात सापडणं ही विष्ठा पाण्यात आल्याची खूण, आणि तिच्याबरोबर रोगजंतूही आलेले असू शकतात.

इथलं पाणी निर्मळ आणि आपलं घाण, असं मला म्हणायचंच नाही. पोहण्याच्या पाण्यासाठी टेक्सासची मर्यादा १०० मिलीलिटरमागे सरासरी १२६ ई. कोलाय अशी आहे. ती ओलांडली म्हणून ज्या चार ओढ्यांसाठी राज्याच्या पर्यावरण खात्याला २०१५ मध्ये जिवाणू कमी करण्याचं उद्दिष्ट ठरवावं लागलं, त्यांत आमचा वॉलनट क्रीक आहे. कुत्र्यांची घाण, गळक्या मैलावाहिन्या, पावसाबरोबर रस्त्यांवरून वाहून येणारं सगळं. पण हे उघड बोललं जातं. मोठा पाऊस झाला की माझी शेजारीण दोन-तीन दिवस पोरांना पाण्याजवळ फिरकू देत नाही. आकडा वाईट आला म्हणून ओढ्याची बदनामी झाली, असं इथे कुणी माझ्याशी भांडलेलं नाही.

भांडण झालं ते सोलापूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर. वारीचे फोटो पडत होते, त्यात मी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा स्नानाच्या पाण्याचा निकष टाकला: फीकल कॉलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू, ई. कोलाय त्यांतलाच) १०० मिलीलिटरमागे ५०० पर्यंत असावेत, २५०० च्या वर तर नकोतच. चुलतभावाचा लगेच फोन, "तिकडं बसून काय सांगायलीस गं? लाखो लोकं अंघोळ करतात, कुणाला काय झालंय?" काकांनी लिहिलं, "चंद्रभागेला मार्क द्यायला आपण कोण?"

भावाच्या बोलण्यातला पहिला भाग मला मान्य आहे. मी तिथे राहत नाही. चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी भरून ठेवण्याची कसरत तो करतो, मी नाही. पण "कुणाला काय झालंय" याचं उत्तर कुणाजवळ आहे? दोन वर्षांपूर्वी कार्तिकीला आम्ही आत्याबरोबर पंढरपूरला गेलो. आत्याने चंद्रभागेचं तीर्थ पितळी गडूत भरून घेतलं, सोलापूरला आल्यावर देवापुढे ठेवलं आणि माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या ओंजळीत पळीभर घातलं. मी अडवलं नाही. तिसऱ्या दिवशी पोरीला जुलाब सुरू झाले, सलाइन लावावं लागलं. ते तीर्थामुळे झालं असं मी म्हणणार नाही. बसस्टँडवरचा उसाचा रस असेल, प्रवास असेल. मला काहीही म्हणता येत नाही, कारण त्या दिवशीच्या पाण्याचा आकडा मला माहीतच नव्हता.

आणि आकडे नसतात असंही नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पंढरपुरात भीमेचं, म्हणजे चंद्रभागेचं, पाणी तपासतं. ते आकडे मंडळाच्या संकेतस्थळावर इंग्रजी तक्त्यांत राहतात. डोक्यावर तुळस घेऊन वाळवंटात उतरणाऱ्या बाईपर्यंत ते पोचत नाहीत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनी धरणात येतं, उजनीचं पाणी खाली सोडलं की पंढरपुरात. हे सोलापूर जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने नदी स्वच्छ करण्यासाठी 'नमामि चंद्रभागा' अभियान जाहीर केलं, तेही यासाठीच. नदी स्वच्छ व्हायला वर्षं लागतील. घाटावर पाण्याच्या आकड्याचा फळा लावायला एक दिवस पुरतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंडळाने राष्ट्रीय हरित लवादाला कळवलं की कुंभमेळ्यात प्रयागराजचं पाणी अनेकदा फीकल कॉलिफॉर्मच्या बाबतीत स्नानाच्या निकषात बसत नव्हतं. त्यानंतर जो गदारोळ झाला, त्यात नदीपेक्षा सांगणाऱ्याच्या हेतूचीच जास्त चर्चा मी ऐकली. आता २०२७ ला नाशिकचा कुंभ येतोय. आणि आमची आषाढी तर दरवर्षी येते. काका, मार्क नदीला नाहीत, वरून तिच्यात सांडपाणी सोडणाऱ्या आपल्या शहरांना आहेत.

सोलापूर विद्यापीठ आहे, जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत. कॉलिफॉर्म मोजण्याच्या नळ्या त्या मुलामुलींनी प्रात्यक्षिकात हाताळलेल्या असतात. वारीच्या आठवड्यात रोज पहाटे महाद्वार घाटावर, पुंडलिकाजवळ आणि खालच्या अंगाला नमुने घ्यावेत. तपासणीला वेळ लागतो, तेव्हा फळ्यावर नमुन्याची तारीखही लिहावी. आकडा ठळक, खाली मराठीत दोन ओळी: अंघोळ करायला हरकत आहे की नाही, आणि तीर्थ उकळल्याशिवाय लेकरांना देऊ नये. हेच सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वर तलावाच्या काठीही करता येईल. अंगावर जखम असलेला म्हातारा वारकरी मग स्वतःच ठरवेल, पाण्यात उतरायचं की चार थेंब डोळ्यांना लावायचे.

परवा आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "लावा की. पण अक्षर मोठं काढायला सांग. आणि वाचून दाखवायला कुणाला तरी उभं करा तिथं, माझ्याबरोबरच्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही."