आकडा वाढला म्हणजे ॲप सुधारलं, असं नाही

लिंक्डइनवर आणि स्टार्टअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: ‘जे मोजता येत नाही ते सांभाळता येत नाही, असं व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर सांगून गेलेत. म्हणून एकच आकडा निवडा. रोजचे वापरकर्ते घ्या किंवा ॲपमध्ये घालवलेला वेळ घ्या. प्रत्येकाचं टार्गेट त्याला जोडा. शंका आली तर ए/बी टेस्ट करा, म्हणजे एका गटाला जुनं आणि दुसऱ्याला नवं दाखवून तुलना करा. आकडा वर गेला की बदल बरोबर.’ नव्याने प्रॉडक्ट मॅनेजर (ॲपमध्ये काय बदलायचं ते ठरवणारे) झालेली मुलंमुली हे मनापासून पाळतात, म्हणून यातलं एकेक वाक्य तपासून पाहणं मला गरजेचं वाटतं.

ड्रकर यांचं नाव आधी बाजूला काढू. हे वाक्य त्यांचं नाही; त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेनेच तसं स्पष्ट केलं आहे. दुसरीकडे ते गुणवत्ता-व्यवस्थापनाचे तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या नावावर खपवलं जातं. त्यांनी तर नेमकं उलट लिहिलं होतं: मोजता येत नाही ते सांभाळता येत नाही हे मानणं चूक आहे, आणि हा गैरसमज महागात पडतो.

आता मुख्य मुद्दा: ‘आकडा वर गेला की बदल बरोबर.’ मायक्रोसॉफ्टच्या रॉन कोहावी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एका शोधनिबंधात त्यांच्या बिंग या सर्च इंजिनचा एक प्रसंग मांडला. एका प्रयोगात बग (प्रोग्राममधली चूक) शिरला आणि काही लोकांना शोधाचे अगदी वाईट निकाल दिसू लागले. त्यानंतर दरमाणशी शोधांची संख्या १० टक्क्यांहून जास्त वाढली आणि दरमाणशी महसूल ३० टक्क्यांहून जास्त वाढला. कारण उघड आहे. हवं ते सापडेना, म्हणून लोक पुन्हा पुन्हा शोधत राहिले, आणि निकालांपेक्षा जाहिराती बऱ्या वाटल्याने त्यांवर क्लिक करत राहिले. वरचा सल्ला मानला असता तर तो बग सगळ्यांसाठी कायमचा लागू झाला असता.

याच्या शेजारी गूगलचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग ठेवून बघा. त्यांनी निकालाचं पान मुद्दाम १०० ते ४०० मिलिसेकंद उशिरा दाखवलं. दरमाणशी रोजचे शोध ०.२ ते ०.६ टक्क्यांनी घटले. म्हणजे उत्पादन दोन्हीकडे बिघडवलं गेलं होतं, पण जवळपास तोच आकडा एकीकडे चढला आणि दुसरीकडे उतरला. अशा आकड्याची नुसती दिशा पाहून काय ठरवणार? कोहावी यांच्या टीमने त्याची फोड केली: एका बैठकीत (एका सलग वापरात) किती शोध आणि दरमाणशी किती बैठका. काम लवकर होत असेल तर पहिला भाग कमी व्हायला हवा. समाधानी माणूस परत येतो, म्हणून दुसरा वाढायला हवा. दोन्हींचा गुणाकार केला की नेमकी हीच माहिती दडपली जाते.

म्हणूनच आकड्यावरून ॲपची परीक्षा घेण्याआधी त्या आकड्याचीच परीक्षा घ्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे. परीक्षा सोपी आहे: जे वाईट आहे हे आपल्याला आधीच पक्कं माहीत आहे, ते घडलं तेव्हा हा आकडा खाली आला का?

‘एकच आकडा’ का पुरत नाही, हे यूट्यूबने दाखवलं. व्ह्यू मोजले जात होते तोवर भडक थंबनेल आणि फसवी शीर्षकं फोफावली. म्हणून २०१२ मध्ये त्यांनी पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिलं, आणि ती सुधारणा खरीच होती. पण वेळ तर दिशाभूल करणारा व्हिडिओही खातो. जानेवारी २०१९ मध्ये असे नियम मोडण्याच्या काठावरचे व्हिडिओ कमी सुचवण्याचा निर्णय त्यांना वेगळा जाहीर करावा लागला. फेसबुकने तर एके काळी ‘अँग्री’ इमोजीला लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, ते २०२० मध्ये शून्यावर आणलं. मुख्य आकडा जरूर ठेवा, पण तो वाढवताना काय बिघडू द्यायचं नाही, याचे दोन-तीन आकडे त्याच्या बरोबरीने हवेत.

टार्गेटबद्दल फार लिहीत नाही. आकड्यालाच टार्गेट केलं की तो भरवशाचा राहत नाही, असं अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये सावध केलं होतं, आणि अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने त्याचं टोक गाठलं. प्रत्येक ग्राहकाला आठ उत्पादनं विकण्याच्या दबावाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० जणांची नोकरी गेल्याचं समोर आलं.

राहिली ए/बी टेस्ट. हे साधन मला मोलाचं वाटतं, पण दोन गटांत कोणता आकडा किती हलला, एवढंच ते सांगतं. तो आकडा धरावा की नाही, हे ते सांगत नाही. शिवाय गर्दी किती लागते ते पाहा. शंभरातले पाच जण खरेदी करतात असं धरू. त्या प्रमाणात पाच टक्क्यांची वाढ, म्हणजे ५ वरून ५.२५, संख्याशास्त्रातल्या नेहमीच्या खात्रीने पकडायची तर प्रत्येक गटात सुमारे १,२१,६०० माणसं लागतात. पुण्यातल्या पाच जणांच्या टीमला आठवड्याभरात एवढी कुठून मिळणार? चार दिवसांत टूलवर ‘हिरवं’ (आकडा वाढल्याची खूण) दिसलं म्हणून बदल लागू करणं हे नशिबावर सोडण्यासारखंच आहे.

छोट्या टीमला दुसरा मार्ग आहे, आणि तो यूपीआयच्या उदाहरणावरून सांगतो. यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय बँकनिहाय आकडे प्रसिद्ध करते, त्यात व्यवहारांच्या एकूण संख्येबरोबर यशस्वी किती, ‘बिझनेस डिक्लाइन’ किती आणि ‘टेक्निकल डिक्लाइन’ किती, हेही वेगवेगळं असतं. पिन चुकला किंवा खात्यात पैसे नव्हते, तर तो पहिला प्रकार. बँकेची यंत्रणा बंद पडली, तर दुसरा. आता किराणा दुकानात उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. बँकेचा सर्व्हर बंद आहे, म्हणून तो तीनदा प्रयत्न करतो. ॲपच्या दृष्टीने प्रयत्न वाढले आणि ॲपमधला वेळही वाढला. रोजच्या वापरकर्त्यांत तो मोजला गेलाच. त्याचा त्रास दिसेल तो पहिल्याच प्रयत्नात पैसे पोचलेल्यांच्या प्रमाणात, आणि तेही बँकनिहाय पाहिलं तरच.

पेमेंट ॲप चालवणाऱ्यांकडे मोठ्या बँकेचा सर्व्हर बंद पडल्याच्या दिवसाचे लॉग (नोंदी) असतातच. ते काढा आणि डॅशबोर्डवरचा कोणता आकडा त्या दिवशी पडला, कोणता जागचा हलला नाही आणि कोणता उलट चढला, हे लिहून काढा. याला लाखभर माणसांची गर्दी लागत नाही की महागडं टूल लागत नाही, आणि कुठल्याही ग्राहकाला नव्याने त्रासही द्यावा लागत नाही.